उरलेली चाळीस मिनिटं

२०२४-२५ च्या मोसमात आइस हॉकीपटू सिडनी क्रॉसबीने वेन ग्रेट्झ्कीचा एक विक्रम मोडला. गोल आणि गोलला हातभार लावणारे पास मिळून सामन्यामागे सरासरी किमान एक गुण, असे सलग वीस मोसम. ग्रेट्झ्कीचे एकोणीस होते. क्रॉसबी तेव्हा सदतीस वर्षांचा होता, ८० सामन्यांत त्याने ९१ गुण मिळवले, आणि ज्या संघाचा तो कप्तान आहे तो पिट्सबर्ग पेंग्विन्स त्या वर्षी प्लेऑफपर्यंतही पोचला नाही. सलग तिसऱ्यांदा.

जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक अजूनही तितकाच चांगला खेळतो आहे आणि त्याचा संघ मात्र शर्यतीतून बाहेर, हे कसं होतं? या प्रश्नाच्या मागे लागलं की आइस हॉकीतली एक विलक्षण गोष्ट उलगडत जाते. अमेरिका-कॅनडात या खेळाच्या गप्पांना बसलं की ‘विंडो’चा विषय निघतोच. अमुक संघाची विंडो आत्ता उघडली, तमुक संघाकडे अजून दोन वर्षं आहेत, त्या तिसऱ्याची बंद झाली. तिथल्या एनएचएल या लीगचं अजिंक्यपद म्हणजे स्टॅन्ली कप. तो जिंकण्याची खरी ताकद एखाद्या संघात किती काळ टिकेल, त्याचा हा अंदाज. हा अंदाज बांधताना बहुतेकांची नजर आधी ताऱ्यांकडे जाते. माझं मत असं, की ती आधी दुसरीकडे जायला हवी.

आपल्याकडे हॉकी म्हटलं की मैदान आणि ध्यानचंद डोळ्यांसमोर येतात, म्हणून बर्फावरच्या खेळाबद्दल थोडं सांगायला हवं. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग, एकूण साठ मिनिटं. एका वेळी प्रत्येक संघाचे सहा जण बर्फावर: तीन फॉरवर्ड, दोन डिफेन्समन आणि गोली. चेंडूऐवजी तीन इंच व्यासाची, एक इंच जाडीची रबरी चकती, म्हणजे पक. ती उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात. या खेळाचा वेग इतका असतो की कोणताही खेळाडू पाऊण-एक मिनिटापेक्षा जास्त वेळ पूर्ण ताकदीने धावू शकत नाही. त्यामुळे सामना चालू असतानाच, पक खेळात असतानाच, दमलेले बाकावर येतात आणि ताजे उड्या मारून बर्फावर उतरतात. फॉरवर्डच्या चार फळ्या आणि डिफेन्सच्या तीन जोड्या असा हा रहाटगाडा साठ मिनिटं फिरत राहतो.

आता यातून काय निघतं पाहा. क्रॉसबीसारखा फॉरवर्ड सामन्यात साधारण वीस मिनिटं बर्फावर असतो. बास्केटबॉलचा मोठा खेळाडू अठ्ठेचाळीसपैकी पस्तीस-अडतीस मिनिटं मैदानात असतो, फुटबॉलचा तर बहुधा पूर्ण नव्वद. आइस हॉकीत जगातला सर्वोत्तम फॉरवर्डही सामन्याचा दोन तृतीयांश भाग बाकावर बसून बघतो. उरलेली चाळीस मिनिटं कोण खेळतं, यावर विंडो ठरते.

आणि ती चाळीस मिनिटं पैसे ओतून विकत घेता येत नाहीत. २००४-०५ चा अख्खा मोसम मालक आणि खेळाडू यांच्या भांडणात रद्द झाला. त्या भांडणातून सॅलरी कॅप आली. प्रत्येक संघाच्या एकूण पगाराला एकच कमाल मर्यादा, कितीही श्रीमंत मालक असला तरी. पहिल्या वर्षी ती ३.९ कोटी डॉलर होती, २०२५-२६ साठी ९.५५ कोटी. आयपीएलच्या लिलावात प्रत्येक संघाला सारखी पर्स मिळते (२०२५ च्या मोसमाआधीच्या मेगा लिलावात ती १२० कोटी रुपयांची होती) तसाच हा प्रकार. पण आयपीएलमध्ये दर काही वर्षांनी बहुतेक संघ मोडून नव्याने बांधावा लागतो. एनएचएलमध्ये करार सात-आठ वर्षांचेही होत आले आहेत, आणि आज केलेली चूक सातव्या वर्षीही हिशेबात उभी असते.

या व्यवस्थेत एकच माल मनासारखा स्वस्त मिळतो: तरुण खेळाडू. अठरा ते एकवीस वर्षांच्या मुलाने पहिला करार केला की तो तीन वर्षांचाच असतो आणि त्याच्या मूळ पगारालाही लीगने छत घातलेलं असतं. आपण ज्या वर्षांबद्दल बोलणार आहोत त्या काळात ते वर्षाला ९ लाख २५ हजार डॉलर होतं. पूर्ण मोकळं होऊन हव्या त्या संघाशी बोलणी करायला सत्ताविसावं वर्ष किंवा सात मोसम उलटावे लागतात. म्हणजे बावीस वर्षांचा मुलगा पन्नास लाखांच्या तोडीचं खेळत असेल तरी कॅपमध्ये तो दहा लाखांच्या आतच मोजला जातो. हा जो फरक आहे, त्याच फरकात अजिंक्यपदं दडलेली असतात. मोठ्या ताऱ्यांना मोठे पगार देऊन झाल्यावर उरलेली चाळीस मिनिटं भरून काढायला अशी चार-पाच मुलं एकाच वेळी हाताशी असावी लागतात.

‘एकाच वेळी’ हीच मेख आहे. फॉरवर्डची गोल करण्याची ताकद साधारण विशीच्या मध्यावर सर्वांत जास्त असते, डिफेन्समन थोडा उशिरा मुरतो, गोलीचा तर भरवसाच नसतो; कुणी बाविसाव्या वर्षी तळपतो, कुणी तिशीनंतर. अढीतले आंबे एकाच आठवड्यात सगळे पिकावेत, एकही कच्चा नको आणि एकही उतरलेला नको, अशी अपेक्षा करण्यासारखं हे आहे. त्यात तुम्ही एकट्यानेच अढी लावलेली नसते, एकतीस शेजाऱ्यांनीही लावलेली असते.

पिट्सबर्गचीच गोष्ट घेऊ, कारण इतकी बोलकी दुसरी नाही. सलग वाईट मोसम गेल्यावर या संघाला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, वरचे क्रमांक मिळत गेले: २००३ मध्ये गोली मार्क-आंद्रे फ्लुरी, २००४ मध्ये एव्गेनी माल्किन, २००६ मध्ये जॉर्डन स्टाल. मधल्या २००५ मध्ये रद्द मोसमामुळे क्रमवारीच नव्हती, म्हणून पहिल्या निवडीसाठी तीसही संघांची सोडत काढली. ४८ चेंडूंपैकी पिट्सबर्गचे तीन. त्यातला एक वर आला आणि क्रॉसबी त्यांचा झाला. सव्वासहा टक्के! एका शहराची पुढची वीस वर्षं त्या चेंडूवर ठरली, हे आजही वाचताना अंगावर काटा येतो.

१२ जून २००९ ला डेट्रॉइटमध्ये अंतिम मालिकेचा सातवा सामना होता. पिट्सबर्ग २-१ ने पुढे. दोन्ही गोल मॅक्स टॅल्बटचे, म्हणजे ताऱ्यांत न मोडणाऱ्या एका खेळाडूचे. शेवटच्या अडीच मिनिटांत डेट्रॉइटच्या क्रॉनवॉलचा एक फटका आडव्या दांडीवर आदळून परतला. मग अगदी शेवटच्या क्षणी पक गोलसमोरून उसळून निकलास लिडस्ट्रॉमसमोर आला. समोर अर्धा गोल रिकामा. फ्लुरीने डावीकडून उजवीकडे स्वतःला झोकून दिलं आणि पक त्याच्या छातीवर आदळला. घड्याळ संपलं. त्या रात्री क्रॉसबी एकवीस वर्षांचा होता, माल्किन बावीस, डिफेन्समन लेटँग बावीस, स्टाल वीस, फ्लुरी चोवीस. कोणत्याही हिशेबाने पाहिलं तरी ही विंडो निदान सात-आठ वर्षं उघडी दिसत होती. आता एकामागून एक कप येणार, अशीच बहुतेकांची भावना होती.

पुढचा कप यायला सात वर्षं लागली.

त्या सात वर्षांत काय काय झालं? १ जानेवारी २०११ च्या सामन्यात आणि लगेच पुढच्या आठवड्यात क्रॉसबीच्या डोक्याला मार बसला. तो मोसम तिथेच संपला आणि त्याच्या पुढच्या मोसमाचाही मोठा भाग गेला. २०१३ मध्ये बोस्टनविरुद्ध चार सामन्यांत संघाला मिळून दोन गोल करता आले. २०१४ मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सविरुद्ध ३-१ ची आघाडी हातातून गेली. क्रॉसबी-माल्किन ऐन भरात होते, वय हाताशी होतं, पण ते दोघं बाकावर आले की खेळ उतरणीला लागायचा. मोठे पगार द्यावे लागले होते आणि खालून स्वस्त, ताजी मुलं वर येत नव्हती. वयाच्या तक्त्यावर उघडी दिसणारी विंडो बर्फावर अर्धवट लोटलेली होती. डिसेंबर २०१५ मध्ये प्रशिक्षक बदलला तेव्हा बरेच जाणकार म्हणत होते, यांचे दिवस सरले.

सहा महिन्यांत ते विजेते झाले. मला या सगळ्या विषयात सर्वांत थक्क करणारा भाग हा वाटतो.

त्या २०१६ च्या संघाची तिसरी फळी पाहा: कार्ल हॅगलिन, निक बोनिनो, फिल केसेल. आडनावांच्या आद्याक्षरांवरून सगळे तिला ‘एचबीके’ म्हणायचे. ती आली कुठून? २०१२ मध्ये जॉर्डन स्टालला कॅरोलायनाकडे दिलं, बदल्यात इतरांबरोबर ब्रँडन सटर आला. २०१५ मध्ये सटरला व्हँकुव्हरकडे दिलं आणि बोनिनो आला. दुसरी साखळी अशी: जानेवारी २०१५ मध्ये पहिल्या फेरीचा पिक (ड्राफ्टमधली निवडीची पाळी) एडमंटनला देऊन डेव्हिड पेरॉन आणला, तो काही जमला नाही, वर्षभराने त्यालाच पुढे पाठवून अनाहाइमकडून हॅगलिन आणला. आणि केसेलसाठी टोरांटोला आणखी एक पहिल्या फेरीचा पिक आणि पहिल्या फेरीतच घेतलेला कॅस्पेरी कापानेन दिला. टोरांटोने केसेलच्या पगाराचा थोडा भार स्वतःकडे ठेवला, म्हणूनच तो कॅपमध्ये बसला. तीन वेगवेगळ्या वर्षांतल्या, वेगवेगळ्या कारणांनी झालेल्या व्यवहारांचे धागे एका फळीत येऊन मिळाले. वॉशिंग्टनसारख्या त्या मोसमातल्या सर्वांत भारी संघाला घरी पाठवणारा ओव्हरटाइमचा गोल बोनिनोने केला. प्लेऑफमध्ये संघात सर्वाधिक गुण केसेलचे होते, २२.

आणि मुलं? विल्क्स-बॅरी नावाच्या गावात पिट्सबर्गचा दुय्यम संघ आहे. नवा प्रशिक्षक माइक सलिव्हन तिथूनच वर आला होता, आणि त्याच्या हाताखाली खेळलेली पोरंही त्याच्या पाठोपाठ आली. ब्रायन रस्ट, तिसऱ्या फेरीतला. टॉम कुनहाकल. कॉनर शिरी, ज्याला ड्राफ्टमध्ये एकाही संघाने घेतलं नव्हतं. गोली मॅट मरे, ज्याचा बाविसावा वाढदिवस प्लेऑफ चालू असतानाच आला. सगळ्यांचे करार दहा लाख डॉलरच्या आतले. टँपाविरुद्धच्या सातव्या सामन्यात पिट्सबर्गचे दोन्ही गोल रस्टचे. अंतिम मालिकेच्या दुसऱ्या सामन्यात ओव्हरटाइमला फेसऑफच्या, म्हणजे पक टाकून खेळ पुन्हा सुरू करण्याच्या, आधी क्रॉसबीने शिरीजवळ जाऊन तू अमुक ठिकाणी उभा राहा असं सांगितलं, फेसऑफ जिंकून पक मागे लेटँगकडे दिला, लेटँगने शिरीकडे, आणि शिरीने गोल मारला. कप्तान आणि कुणाला नको असलेला मुलगा, दोघं एकाच चालीत. पुढच्या वर्षी याच वाटेने जेक गेन्ट्झल आला, तिसऱ्या फेरीतलाच. २०१७ च्या प्लेऑफमध्ये त्याने १३ गोल केले, साऱ्या स्पर्धेत सर्वाधिक. पिट्सबर्गने सलग दुसरा कप उचलला. क्रॉसबीचा हा तिसरा.

म्हणजे हिशेब कळला, आता विंडो मोजता येईल? थोडी येईल. पण बर्फावर दैवाचाही हात असतो, आणि तो किती मोठा असतो हे पाहायला २९ मे २०१७ चा सामना पुरे. अंतिम मालिका, पहिला सामना, समोर नॅशव्हिल. पिट्सबर्गने तीन गोल केले आणि मग ३७ मिनिटं गोलवर एकही फटका मारला नाही. दुसऱ्या भागात तर शून्य. नॅशव्हिलने बरोबरी साधली. मग गेन्ट्झलने फटका मारला, तो आत गेला. पिट्सबर्ग ५-३ ने जिंकलं, पूर्ण सामन्यात गोलवर १२ फटके मारून.

मायकेल लोपेझ, ग्रेगरी मॅथ्यूज आणि बेंजामिन बाउमर या संख्याशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या चार मोठ्या खेळांमध्ये चांगला संघ किती वेळा जिंकतो ते तपासलं. त्यांचा निष्कर्ष असा की बास्केटबॉलच्या सात सामन्यांच्या मालिकेत चांगला संघ जितक्या खात्रीने वर येतो, तितकी खात्री आइस हॉकीत हवी असेल तर ५१ सामन्यांची मालिका खेळवावी लागेल. २०१९ मध्ये टँपाने मोसमात ६२ सामने जिंकून विक्रमाची बरोबरी केली आणि पहिल्याच फेरीत कोलंबसकडून ४-० असा मार खाल्ला. तोच संघ २०२० आणि २०२१ चा विजेता. म्हणून विंडोची लांबी महत्त्वाची. एका वर्षाच्या संघावर कुणीच पैज लावू नये. सात-आठ वर्षं दार ठोठावत राहणाऱ्या संघासाठी ते दोन-तीनदा उघडतं.

लांबी टिकवायची तर आजचा कप आणि उद्याची मुलं यांच्यात रोज निवड करावी लागते. पिट्सबर्गने आजचा कप निवडला. २०१५ ते २०१८, सलग चार ड्राफ्ट, पहिल्या फेरीत त्यांनी एकही खेळाडू घेतला नाही. सगळे पिक व्यवहारांत गेले. पेरॉनसाठी दिलेला तो पिक एडमंटनकडून न्यूयॉर्क आयलँडर्सकडे गेला आणि त्यांनी सोळाव्या क्रमांकावर मॅथ्यू बार्झाल घेतला. २०१८ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला. २०१९ मध्ये पिट्सबर्गला पहिल्या फेरीत ४-० ने बाहेर काढलं ते आयलँडर्सनी. २०२१ मध्येही पहिल्याच फेरीत त्यांनीच. बार्झाल दोन्ही वेळा त्या संघात होता. या व्यवहाराला मी चूक म्हणणार नाही. पेरॉन नसता तर हॅगलिन नसता, आणि दोन कपांच्या बदल्यात एक बार्झाल हा सौदा कुठलंही शहर डोळे मिटून करेल. पण किंमत मोजावी लागते, आणि ती कधी, कुणाच्या हातून वसूल होते हे या एका पिकच्या प्रवासात डोळ्यांनी दिसतं.

स्वस्त मुलंही स्वस्त राहत नाहीत. कप जिंकलेल्या शिरीचा पगार तीस लाखांवर गेला, मरेचा साडेसदतीस लाखांवर. बोनिनो नॅशव्हिलने चार वर्षांसाठी उचलला. फ्लुरी लास व्हेगासच्या नव्या संघाकडे गेला आणि पहिल्याच वर्षी त्यांना अंतिम मालिकेत घेऊन गेला. यश मिळालं की चाळीस मिनिटांचा भाव वाढतो, आणि ती पुन्हा भरून काढायला खालून कुणी यावं लागतं. विल्क्स-बॅरीहून आता कुणी येत नव्हतं. क्रॉसबीचा करार मात्र नेहमीच संघाच्या सोयीचा राहिला: २०१२ मध्ये ठरलेले वर्षाला ८७ लाख, आणि २०२४ मध्ये दोन वर्षांची मुदतवाढ घेतानाही तेवढेच. २०१३-१४ च्या कॅपचा तो साडेतेरा टक्के होता, २०२५-२६ मध्ये नऊ टक्क्यांच्या आसपास. त्याच्याकडून आणखी काय मागायचं?

एप्रिल २०२३ मध्ये पिट्सबर्ग घरच्या बर्फावर तळाच्या शिकागोकडून ५-२ ने हरलं आणि सलग सोळा वर्षं प्लेऑफ गाठण्याची मालिका तुटली. मोसमाअखेर गुणतक्त्यात त्यांचे ९१ गुण झाले. ९२ गुणांवर शेवटची जागा फ्लोरिडाला मिळाली. फ्लोरिडा त्या वर्षी थेट अंतिम मालिकेत गेलं आणि २०२४, २०२५ ही दोन्ही वर्षं त्यांनी कप जिंकला. एका गुणाच्या अलीकडे एका संघाची विंडो मिटत होती आणि पलीकडे दुसऱ्याची उघडत होती.

त्या दोन्ही अंतिम मालिकांत हरलेला संघ एडमंटन, कॉनर मॅकडेविडचा. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याने दोनच वर्षांचा नवा करार केला, वर्षाला १.२५ कोटी, जुन्याच पगारावर. बाजारात त्याला याहून कितीतरी जास्त मिळालं असतं. २०१८-१९ मध्ये हाच आकडा कॅपच्या पावणेसोळा टक्के होता, २०२६-२७ च्या १०.४ कोटींच्या कॅपमध्ये तो बारा टक्के भरेल. जगातला सर्वोत्तम खेळाडू आपल्या वाट्याचे पैसे टेबलावर ठेवून व्यवस्थापनाला सांगतो आहे, की यातून उरलेली चाळीस मिनिटं भरा, आणि २०२८ पर्यंत भरा.

प्लेऑफ एप्रिलच्या मध्यानंतर सुरू होतात. तिथली संध्याकाळ म्हणजे आपली पहाट, बरेचसे सामने चहाच्या वेळेला चालू असतात. पुढच्या वेळी एक संघ निवडा आणि त्याच्या ताऱ्यांकडे बघण्याआधी तीन गोष्टी शोधून काढा: तिसऱ्या फळीतल्या तिघांची वयं, त्यांचे पगार, आणि पुढच्या तीन वर्षांचे पहिल्या फेरीचे पिक अजून संघाकडे आहेत की नाहीत. मग ताऱ्यांना बाकावर बसू द्या आणि ती चाळीस मिनिटं नीट बघा.